फेलोशिप ‘डुप्लिकेट’ कशी?

डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले: मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद, कारण ती इतर योजनांशी ‘ओव्हरलॅप’ होते. सहा अल्पसंख्याक समाजांतील पीएचडीच्या विद्यार्थ्यांचा हा आधार होता. एका वेळी दोन फेलोशिप घेण्याची मुभा आधीही नव्हती, मग ओव्हरलॅप कसला?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. डुप्लिकेट नोंद पुसण्याआधी मूळ नोंद शिल्लक आहे ना, हे आम्ही तपासतो. सरकारने काय तपासले? क्षयरोगावर संशोधन करू पाहणाऱ्या आमच्या मुलीने आता देशव्यापी परीक्षांतल्या मोजक्या जागांवरच भिस्त ठेवायची का?

‘इतर योजनां’मधून आमच्या किती मुलामुलींना फेलोशिप मिळाली, ते वर्षवार जाहीर करा. आकडे नसतील, तर बंद केलेली फेलोशिप पुन्हा सुरू करा.