प्रथमोपचार पेटी : जागा पाहून भरा

दुकानातून तयार प्रथमोपचार पेटी आणून भिंतीला टांगली की काम झाले, असे अनेकांना वाटते. माझ्या मते, त्या जागी कोणते अपघात होतात ते पाहूनच पेटी भरायला हवी.

मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यात बोट कापते, धोटा उडून डोळ्याला लागतो. तिथे निर्जंतुक गॉज, रुंद बँडेज, हातमोजे आणि स्वच्छ प्लास्टिक पिशव्या हव्यात. तुटलेले बोट ओलसर गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात ठेवू नका. डोळा चोळू किंवा दाबू नका.

घरच्या पेटीत ओआरएस, थर्मामीटर, पॅरासिटामॉल ठेवा. भाजल्यास टूथपेस्ट लावू नका. २० मिनिटे नळाच्या गार पाण्याखाली धरा.

सर्पदंशावरचे औषध मात्र कोणत्याच पेटीत नसते, ते रुग्णालयातच मिळते. म्हणून शेतावर फळी आणि बँडेज ठेवा. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. लगेच १०८ ला फोन करा.

१९४८ च्या कारखाने कायद्याने १५० कामगारांमागे किमान एक पेटी सक्तीची केली. अगदी छोटे कारखाने त्यातून सुटले. पण बोट तिथेही कापतेच. त्यामुळे मालकांनी कायद्याची वाट पाहू नये. आणि पेटीला कुलूप तर कधीच लावू नये.