कंपवातावरील चेता-ऊतीचे रोपण: आक्षेप आणि उत्तर

कंपवातात मध्यमेंदूतील डोपामीन बनवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. लेव्होडोपा हे औषध डोपामीनची उणीव भरून काढते, पण गेलेल्या पेशी परत आणत नाही. म्हणून नव्या पेशीच मेंदूत रोवण्याचा प्रयोग १९८२ मध्ये स्टॉकहोमला सुरू झाला.

या प्रयोगावर मुख्य आक्षेप असा, की कसोटी लागली तेव्हा तो हरला. आक्षेप निराधार नाही. आरंभी रुग्णाच्याच अधिवृक्क ग्रंथीतील ऊती वापरली जाई. १९८७ मध्ये मेक्सिकोतून थक्क करणारे निष्कर्ष आले, पाठोपाठ शेकडो शस्त्रक्रिया झाल्या; लाभ टिकत नाही हे कळल्यावर ती पद्धत सोडून द्यावी लागली. पुढे गर्भाच्या मेंदूतील ऊती आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ४० रुग्ण होते; निम्म्यांच्या कवटीला केवळ छिद्रे पाडली, रोपण केलेच नाही. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या सुधारणेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट रोपण झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना औषध घटवूनही न थांबणाऱ्या अनैच्छिक हालचाली जडल्या. २००३ च्या दुसऱ्या चाचणीत हे प्रमाण ५६ टक्के निघाले.

पण यावरून दोषी ठरते ती त्या काळची ऊती, मूळ कल्पना नव्हे. एका रुग्णासाठी अनेक गर्भांची ऊती गोळा करावी लागे, आणि तिच्यातील पेशींचे प्रमाण दर वेळी निराळे असे. स्वीडनमधील लुंड येथील एका रुग्णाच्या मेंदूत रोपलेल्या पेशी २४ वर्षांनंतरही जिवंत आणि दाट जोडण्या केलेल्या आढळल्या. कल्पनाच खोटी असती तर हे घडले नसते. त्या रुग्णाचा लाभ अखेरच्या काळात ओसरला, आणि इतर काही रुग्णांच्या रोपलेल्या पेशींत रोगाची खूण असलेले लुई पिंड सापडल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले, हेही खरे. मात्र ते पिंड दशकाहून जुन्या रोपांत सापडले. कंपवाताच्या रुग्णाला दहा वर्षे फार मोठी असतात.

आता मूलपेशींपासून ठरावीक प्रतीच्या चेतापेशी तयार करता येतात. क्योटोतील चाचणीत सात जणांवर असे रोपण झाले. २०२५ च्या अहवालानुसार गंभीर दुष्परिणाम दिसला नाही. लाभासाठी तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली औषधाचा अंमल नसतानाही सुधारल्या. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हा पुरावा प्राथमिकच.

त्याच्या आधारे उपचार सिद्ध झाल्याचे सांगून पैसे घेणे हा रुग्णाच्या असहायतेचा गैरफायदा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपवातावर मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. रुग्णाच्या नातेवाइकांनी होकार देण्याआधी चाचणीच्या नोंदणीचा क्रमांक मागावा, आणि उपचाराचे शुल्क सांगितले गेले तर नकार द्यावा.