‘इथे जात नाही’: मानेसरची आत्मवंचना

संशोधनासाठी मानेसरमध्ये राहायला आल्यापासून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते वहीत टिपून घेणंच सोडून दिलं: ‘इथे जातबित काही नसतं, इथे फक्त काम बघतात.’ बोलणारा खोटं बोलत नसतो, आणि खरी अडचण तीच आहे. खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं, त्यामुळे तो कधीतरी पकडला जातो. आत्मवंचना करणारा खरं बाहेर येईल असा प्रश्नच विचारत नाही. त्यामुळे त्याचं मन स्वच्छ राहतं आणि जातही शाबूत राहते.

सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असं अधिकारी ठासून सांगतात. त्याच मुलाखतीत ते हेही सांगतात की उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची असते. बाप काय करतो आणि घरात कोण शिकलंय, हे विचारून झालं की जात विचारायची गरजच उरत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासासाठी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. सवर्ण हिंदू नावांपेक्षा दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली.

आता मानेसरचंच घ्या. १८ जुलै २०१२ रोजी मारुती सुझुकीच्या कारखान्यात एक दलित कामगार आणि सुपरवायझर यांच्यात वाद झाला. सुपरवायझर जातीवरून बोलला, असं युनियनचं म्हणणं. कामगारानेच मारहाण केली, असं कंपनीचं. संध्याकाळपर्यंत हिंसाचार उसळला, आग लागली आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा जीव गेला. त्या मृत्यूचं समर्थन कुणी करू नये. २०१७ मध्ये गुडगावच्या न्यायालयाने ३१ कामगारांना दोषी ठरवलं, त्यातल्या १३ जणांना जन्मठेप झाली. ११७ जण निर्दोष सुटले. त्या सकाळी नेमकं काय बोललं गेलं, हे मी ठरवू शकत नाही. पण चर्चा झाली ती गुंतवणुकीची आणि औद्योगिक शांततेची. कारखान्यात जात कशी वावरते, हा प्रश्न कुणी नीट विचारलाच नाही.

डाव्या मित्रांनीही हुरळून जाऊ नये. ‘कामगाराला जात नसते’ ही त्यांची आवडती समजूत. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ नको होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे खातं खुलं करण्याची मागणी लावून धरली, तेव्हा वर्गाची एकजूट कुठे अडते ते उघड झालं.

मग मी काय धुतल्या तांदळासारखा? इथे खोली घेताना मालकाने ‘पूरा नाम?’ विचारलं, तेव्हा मी पहिलंच नाव दोनदा सांगितलं. संशोधनाच्या सोयीसाठी, असं स्वतःला बजावलं. ती भीती होती, हे कबूल करायला मला काही महिने लागले. पण भीतीपोटी नाव गिळणं आणि सोयीपोटी डोळे मिटणं यांना एकाच तराजूत तोलू नका. मला खोली गमवायची नव्हती. त्यांना गमवायचं आहे ते फक्त स्वतःविषयीचं चांगलं मत.

यावर उपदेश चालत नाही, मोजणी चालते. कंपन्यांनी कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि व्यवस्थापक यांची जातवार आकडेवारी जाहीर करावी. युनियनांनी आपल्या कार्यकारिणीची करावी. साफसफाईच्या कंत्राटात कोण आहे आणि केबिनमध्ये कोण, हे एका कागदावर शेजारी शेजारी येऊ द्या. जात खरोखरच नसेल, तर मोजायला घाबरता कशाला?