पंचनाम्यात न येणारे नुकसान

वादळ ओसरले की पंचनामे सुरू होतात. किती होड्या फुटल्या, किती जाळी वाहून गेली, किती घरांचे पत्रे उडाले, याची नोंद होते. ती व्हायलाच हवी. पण माणसांच्या प्रकृतीचे जे नुकसान होते, ते या कागदांवर येत नाही.

कोल्हापूरकरांनी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी उतरल्यानंतरचे दिवस अनुभवले आहेत. घाटाखाली मच्छीमारांच्या वाट्याला हे वेगळ्या रूपात येते. अरबी समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि चक्रीवादळाला बळ मिळते ते त्या उष्णतेतूनच. २०१९ मध्ये या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. त्यांपैकी ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन ऐन मासेमारीच्या हंगामात आली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ सिंधुदुर्ग, रत्नागिरीला झोडपून गुजरातकडे गेले. मालवण तालुक्यातील देवबाग एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर वसले आहे. तिथे धूप होते म्हणजे राहत्या घराखालची जमीनच कमी होते.

पहिला प्रश्न पाण्याचा. समुद्राचे पाणी विहिरीत शिरले की क्लोरीनने जंतू मरतात, मीठ जात नाही. उकळल्याने तर ते पाणी आणखी खारट होते. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी असे पाणी पिऊ नये. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरा प्रश्न औषधांचा. घर सोडताना गोळ्या मागे राहतात. रक्तदाबाची गोळी अचानक बंद झाली की पक्षाघाताचा धोका वाढतो. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे टिकते. वीज गेली म्हणून ती फेकू नये.

तिसरा प्रश्न मनाचा, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. १ जूनला मासेमारी बंदी लागते. मे महिन्यातले वादळ बंदीआधीची शेवटची कमाई नेते, कर्जाचा हप्ता मात्र राहतो. झोप उडणे, दारू वाढणे, गप्प गप्प राहणे हा हळवेपणा नव्हे, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

यासाठी नवी योजना लागत नाही. तीस वर्षांवरील व्यक्तींची बीपी-शुगर तपासणी सरकारी केंद्रांत होतेच. तिच्या याद्यांवरून आशाताईंनी मे महिन्यातच किनाऱ्यावरील रुग्णांना दोन महिन्यांची औषधे पोहोचवावीत. वादळानंतर विहिरींच्या पाण्यातील क्षार तपासावेत. आणि पंचनाम्याच्या पथकात एक आरोग्यसेवक असावा. होडीबरोबर ती चालवणाऱ्याचीही विचारपूस झाली पाहिजे.