घंटा वाजल्यानंतर

13 मे 2019 चा सोमवार. उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस होते. तपासायचे गठ्ठे बाजूला सारून आम्ही तिघे, साहित्य शिकवून पोट भरणारे, आमच्यापैकी एकाच्या घरी सकाळी साडेसहाला 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहायला बसलो होतो. आठव्या आणि अखेरच्या पर्वाचा पाचवा भाग, 'द बेल्स'. सुमारे ऐंशी मिनिटांनी तो संपला, तेव्हा काही क्षण कोणीच बोलले नाही आणि मग सगळे एकदम बोलू लागले. एकाचे म्हणणे, ही सरळसरळ फसवणूक आहे. दुसऱ्याचे म्हणणे, हे पहिल्या पर्वापासून लिहिलेलेच होते, आपण वाचले नाही. तिसरा चहा टाकायला उठून गेला.

तो वाद पुढे कैक वर्षे चालला. वर्गात व्यक्तिरेखेच्या वर्तनातील संगतीचा विषय निघाला, की विद्यार्थीच या भागाचे नाव काढतात. म्हणून त्यावर एकदा सविस्तर लिहावे, असे आम्हांस वाटले. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही, त्यांनी पुढे कथानक उघड केले आहे हे ध्यानात घ्यावे.

घटना थोडक्यात अशी. पदच्युत राजघराण्याची कन्या डेनेरिस टार्गेरियन हिने सहा पर्वे परमुलखात गुलामांना मुक्त करत, तीन ड्रॅगन वाढवत, पित्याच्या सिंहासनाकडे वाटचाल केली आहे. शेवटी ती एकुलत्या उरलेल्या ड्रॅगनवर बसून राजधानी किंग्ज लँडिंगवर चालून येते. तिचा सल्लागार टिरियन याने विनवले आहे, की नगरातील घंटा वाजल्या तर ती शरणागती समजावी आणि हल्ला थांबवावा. तटबंदी कोसळते, सैनिक शस्त्रे टाकतात, घंटा वाजतात. युद्ध जिंकलेले असते. आणि त्यानंतर ती शरण आलेले नगर, गल्लीबोळांतील बायकामुलांसह, जाळून टाकते.

प्रेक्षकांचा क्षोभ सर्वश्रुत आहे. संपूर्ण पर्व नव्याने, अधिक जाणत्या लेखकांकडून लिहून घ्यावे, अशा मागणीच्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. अमेरिकेत शेकडो मुलींची नावे 'खलीसी', म्हणजे डेनेरिसच्याच एका बिरुदावरून, ठेवली गेली होती. त्या पालकांची चेष्टाही भरपूर झाली. साहित्याच्या अभ्यासकांचा अशा वेळचा ठरलेला पवित्रा म्हणजे किंचित हसणे. आवडत्या पात्राचे पतन चाहत्याला सोसत नाही, त्यात काय विशेष?

हे हसणे आम्हांस अन्यायाचे वाटते. याच प्रेक्षकांनी 2011 मध्ये नेड स्टार्कचा शिरच्छेद पाहिला होता. ज्याला आपण नायक धरून चाललो होतो तो पहिल्याच पर्वाच्या नवव्या भागात मेला. 2013 मध्ये त्यांनी लग्नाच्या मेजवानीत रॉब स्टार्क, त्याची गर्भवती पत्नी आणि आई यांची कत्तल पाहिली. लोक रडले, संतापले, पण पुन्हा लिहून आणा असे म्हणाले नाहीत. उलट मालिकेवरचा त्यांचा विश्वास वाढला. कारण दोन्ही वेळा मागे वळून पाहिल्यावर वाट दिसत होती. नेडने आपला बेत सरसीला स्वतःच्या तोंडाने सांगितला होता. रॉबने फ्रे घराण्याला दिलेले लग्नाचे वचन मोडले होते. धक्का बसला आणि पाठोपाठ 'दुसरे काय होणार होते?' हेही उमगले. शोकात्मिकेकडून आपण याहून वेगळे काय मागतो? तेव्हा 2019 चा आक्षेप 'हे क्रूर का?' असा नव्हता, 'हे कशावरून?' असा होता. आणि तो टीकेचाच प्रश्न आहे, मग त्याची भाषा कितीही कच्ची असो.

या भागाचे समर्थक त्यावर पूर्वखुणांची यादी पुढे करतात. सख्ख्या भावाच्या डोक्यावर वितळलेले सोने ओतले जात असताना डेनेरिस शांतपणे पाहत राहिली. नवऱ्याच्या चितेवर तिने मिर्री माझ दूर या स्त्रीला जिवंत बांधले. मिरीन नगरीत 163 मालकांना खांबांवर खिळले. टार्ली पितापुत्र गुडघे टेकत नाहीत म्हणून जाळले. शिवाय तिचा बाप वेडा राजा, आणि टार्गेरियन जन्मला की देव नाणे उडवतात ही त्या जगातील म्हण. यादी खरी आहे. पण पूर्वखूण आणि कारण या दोन भिन्न वस्तू आहेत. ढग दिसले म्हणजे पाऊस अशक्य नव्हता एवढेच कळते. तो आज, याच घटकेला का पडला, हे ढग सांगत नाहीत.

येथे आम्हांस महाभारतातील सौप्तिक पर्व आठवते. युद्ध संपलेले, झोपलेल्या शिबिरावर घाला, बालवीरांसह सर्वांचा संहार. कृत्य डेनेरिसच्या कृत्याच्या जवळपास जाणारे. अश्वत्थाम्याच्या बाबतीतही पूर्वखुणा विपुल आहेत. पण व्यासांनी तेवढ्यावर भागवलेले नाही. पित्याच्या कपटवधाने जळणारा अश्वत्थामा वडाखाली जागा आहे, शेजारी कृपाचार्य आणि कृतवर्मा झोपलेले आहेत. झोपलेल्या कावळ्यांचा घुबड संहार करते, ते तो पाहतो. तेथून कल्पना येते. मग तो दोघांना उठवतो. कृपाचार्य त्याला धर्म सांगतात, निदान सकाळपर्यंत थांब म्हणतात. तो युक्तिवाद करतो, ऐकत नाही, निघतो. चिथावणी आणि कृती यांच्यामध्ये कवीने एक अख्खी रात्र ठेवली आहे आणि त्या रात्रीत विरोध करणारा एक माणूस ठेवला आहे. म्हणून ते कृत्य अक्षम्य असूनही आपल्याला अनाकलनीय वाटत नाही.

'द बेल्स'मध्ये ही रात्र नाही. चिथावण्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. दुसरा ड्रॅगन मारला गेला आहे, मिसांडेचा तिच्या डोळ्यांदेखत शिरच्छेद झाला आहे, व्हेरिसने द्रोह केला आहे, जॉन स्नो तिच्याहून प्रबळ वारस ठरला आहे आणि तिच्यापासून दूर सरला आहे. पण ही सगळी कारणे रेड कीप हा राजवाडा जाळण्याची आहेत, कारण सरसी तेथे उभी आहे. शरण आलेल्या गल्ल्या जाळण्याची ती कारणे नव्हेत. घंटा आणि आग यांच्यामध्ये आपल्याला मिळतो तो फक्त एमिलिया क्लार्कचा चेहरा, काही क्षण. अभिनेत्रीने त्या चेहऱ्यात जे ओतले आहे ते विलक्षण आहे, पण पटकथेने केले नाही ते काम एका चेहऱ्यावर टाकलेले आहे. समोरचा राजवाडा पाहून तिने हे वैयक्तिक करून टाकले, असे निर्मात्यांनी नंतर सांगितले. मग ड्रॅगन आधी गल्ल्यांकडे का वळतो?

अस्तापोरची आठवण येथे आडवी येते. तिसऱ्या पर्वात, 2013 साली, तिने मालकांवर ड्रॅगन आणि सैन्य सोडले. तेव्हाच्या तिच्या आज्ञेत भेद स्पष्ट होता: मालकांना मारा, ज्याच्या हाती चाबूक आहे त्याला मारा, गुलामांच्या साखळ्या तोडा, एकाही मुलाला धक्का लावू नका. तिच्या हिंसेला निवड होती. निवडून मारणारी व्यक्ती सरसकट मारू लागते, हे शक्य आहे. पण तो गुणात्मक बदल आहे आणि तोच दाखवायचा राहून गेला. अशक्य पण संभाव्य वाटणारी गोष्ट कवीने पत्करावी, शक्य पण असंभाव्य वाटणारी नव्हे, असा अॅरिस्टॉटलचा सल्ला आहे. अद्भुताच्या लेखकाला याहून उपयोगी सल्ला नसेल. आग ओकणारा ड्रॅगन आम्ही निमूट मान्य केला. राणीचा निर्णय मान्य करता आला नाही. घंटांचेही तेच. दुसऱ्या पर्वातील ब्लॅकवॉटरच्या लढाईत घंटांचा नाद ऐकून डाव्होस म्हणतो, की घंटा म्हणजे शरणागती असे आपण कधी ऐकलेले नाही. आठव्या पर्वात सगळे नगर तो संकेत जन्मजात जाणत असल्यासारखे वागते. चूक लहान आहे, पण घाई कशी असते ते ती दाखवते. पहिल्या सहा पर्वांना प्रत्येकी दहा भाग मिळाले, शेवटच्याला सहा.

येथपर्यंत आम्ही तिघे एकमताचे होतो आणि आपल्या युक्तिवादावर खूषही होतो. मग एका तासाला एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे सगळं पटलं. पण अस्तापोरला आपण टाळ्या का वाजवल्या होत्या?"

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. मिरीनची गोष्ट घ्या. मालकांनी 163 गुलाम मुलांना खिळले होते, म्हणून तिने 163 मालकांना खिळले. हिशेब चोख. पण पुढे हिझ्दार नावाचा तरुण येऊन सांगतो, की मुलांना खिळण्याला आपल्या वडिलांचा विरोध होता आणि तरी ते त्या 163 मध्ये आहेत. तो पित्याच्या अंत्यसंस्काराची परवानगी मागतो. आम्ही तो प्रसंग पाहिला आणि पुढे सरकलो. वाएस डोथ्राकला तिने खालांना कोंडून जाळले आणि ती ज्वाळांतून अक्षत बाहेर आली, तेव्हा आम्ही खुर्चीत सरसावून बसलो होतो. ड्रॅगनला आग ओकण्याची आज्ञा देणारा 'ड्राकारिस' हा शब्द आमच्यासाठी गजर झाला होता. निवड आहे म्हणून ठीक, असे आम्ही वर म्हटले, पण निवड करणारी एकटी तीच होती आणि तिची निवड आम्ही कधी तपासली नाही. कॅमेरा तिच्या बाजूने उभा होता, संगीत तिच्या बाजूने वाजत होते आणि आम्ही, ज्यांनी निवेदकाच्या दृष्टिकोनावर वर्षानुवर्षे टिपणे उतरवून दिली, तेथे जाऊन उभे राहिलो होतो.

हे लक्षात आल्यावर 'द बेल्स' पुन्हा पाहिला आणि त्याचा उत्तरार्ध वेगळा दिसला. आग सुरू झाल्यानंतर या भागात डेनेरिसचा चेहरा पुन्हा जवळून दिसतच नाही. दिग्दर्शक मिगेल सापॉचनिक कॅमेरा खाली रस्त्यावर आणतो आणि तेथेच ठेवतो. सरसीचा सूड घ्यायला आलेली आर्या सँडर क्लेगेनच्या सांगण्यावरून मागे फिरलेली आहे, आणि आता ती धुराळ्यात, गर्दीच्या पायांखाली, एक आई आणि तिची लहान मुलगी यांना वाचवू पाहते आहे. मुलीच्या हाती लाकडी घोडा आहे. ड्रॅगन आता छपरांवरून सरकणारी सावली आहे. त्याला नाव नाही, त्याच्यावर कोण बसले आहे याला अर्थ नाही. शेवटी आर्या शुद्धीवर येते तेव्हा समोर मायलेकींचे कोळसे आहेत आणि त्या हातात तो घोडाही जळालेला आहे. आठ वर्षे आम्ही ड्रॅगनच्या पाठीवरून जग पाहिले होते. येथे प्रथमच आम्हांस एवढा वेळ त्याच्या खाली उभे केले गेले.

म्हणजे एकाच भागात दोन गोष्टी आहेत. एक, न लिहिलेली संक्रमणरेषा, जिचा दोष कोणत्याही समर्थनाने धुऊन निघत नाही. दुसरी, दृष्टिकोनाची एक उलथापालथ, जी या प्रकारच्या कथेत क्वचित दिसते. आमचा त्या सकाळचा संताप पहिल्या गोष्टीविषयी होता असे आम्ही सांगत आलो. त्यात दुसरीचा वाटा किती होता? आपल्या आवडत्या राणीने घात केला याचा राग आणि आपण कशाला टाळ्या दिल्या हे समोर आल्याची लाज, या भावना आतून फारशा वेगळ्या जाणवत नाहीत. रागाला मात्र एक सोय असते, तो दुसऱ्यावर काढता येतो. दहा लाख सह्यांत हे मिश्रण कोणत्या प्रमाणात होते ते आम्ही सांगू शकत नाही. आमच्यात ते होते.

आणि म्हणूनच पहिला दोष अधिक खुपतो. निर्मात्यांनी ती 'रात्र' लिहिली असती, तर प्रेक्षकाला पळवाट उरली नसती. डेनेरिसच्या निर्णयापर्यंतची प्रत्येक पायरी पटत गेली असती आणि शेवटच्या पायरीवर त्याला कळले असते, की आपणही तिच्यासोबत येथवर चालत आलो आहोत. मूळ कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या दृष्टीतून येते आणि डेनेरिसचे मन आतून वाचता येते. पडद्याला ती सोय नाही, पण एखादा कृपाचार्य पडद्यालाही देता आला असता. तसे न झाल्याने 'हे पटकथेचे पाप आहे' असे म्हणून हात झटकणे आपल्या सर्वांना फार सोपे गेले. फसलेल्या कलाकृतीचा हा तोटा आम्ही आजवर वर्गात कधी सांगितला नव्हता: ती वाचकाला स्वतःच्या उत्तरदायित्वातून सोडवते.

त्यानंतर एकदा अस्तापोरचा तो प्रसंग आम्ही वर्गात दाखवला. 'ड्राकारिस' हा शब्द आला तेव्हा मागच्या बाकांवरून दोनतीन टाळ्या पडल्या आणि लगेच थांबल्या. आम्ही चित्र तेथेच थांबवले आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना विचारले, का वाजवल्या? आणि मग, का थांबलात? तासाची घंटा झाली तरी बोलणे संपले नव्हते. आमच्यापैकी एकाचे अजूनही म्हणणे आहे, की ती फसवणूकच होती. त्या दिवशी तोही थांबून ऐकत होता.