यंत्राचा आकडा आणि न्यायालयाची कसोटी

मद्यपान करून गाडी हाकणाऱ्याविषयी सहानुभूती बाळगण्याचे काहीच कारण नाही. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर एका मोटारीखाली चिरडले गेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला. म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयाने दिलेली अवघी सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने तीन वर्षांवर नेली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हे ज्याच्या स्मरणात आहे, त्याला श्वासचाचणीवरच आक्षेप घेणाऱ्या वकिलाचा संताप यावा, हे स्वाभाविक आहे. परंतु या संतापाचा रोख चुकतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ रक्ताची भाषा बोलते: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असेल तर गुन्हा. नाकाबंदीवरील पोलिसाच्या हातातले यंत्र मात्र रक्त पाहत नाही. ते फुफ्फुसातून आलेल्या हवेतील मद्यार्क मोजते आणि त्याला साधारणतः २१०० ने गुणून रक्तातील प्रमाणाचा अंदाज सांगते. हे गुणोत्तर सरासरीचे आहे. ते माणसागणिक बदलते. शिवाय नुकतीच औषधी द्रवाची गुळणी केली असेल, तर तोंडात रेंगाळलेला मद्यार्कही फुफ्फुसातला म्हणून मोजला जाऊ शकतो. आपल्या घरांतील द्राक्षासव, दशमूलारिष्ट आंबवूनच सिद्ध होतात, त्यांतही मद्यार्क असतोच. (कोणी याला पळवाट करू नये! घोटभर अरिष्टाचा हा परिणाम थोड्याच वेळात ओसरतो.) म्हणूनच पंधरा-वीस मिनिटे थांबून दुसरी फुंकर घेणे आवश्यक ठरते. घाईची एकच फुंकर निरपराध्याला अडकवू शकते आणि अपराध्याला बचावाचे आयते साधन देते.

याची किंमत केवढी असते? अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात यंत्रांचे अंशांकन करणाऱ्या एका पोलीस अधिकाऱ्यावर तापमापकाने करावयाची पडताळणी गाळल्याचा आरोप झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा यंत्रांवरील चाचण्या पुरावा म्हणून अग्राह्य ठरवल्या. त्या २०,६६७ जणांच्या होत्या! त्यांतले खरोखर मद्यधुंद किती, हे आता कोण सांगणार?

आपल्याकडेही पुराव्याची साखळी तुटल्याचे उदाहरण आहे. २८ सप्टेंबर २००२ च्या वांद्र्यातील अपघात खटल्यात अभिनेता सलमान खान याला मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी निर्दोष सोडले. रक्ताचा नमुना रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत निर्वेध पोहोचल्याचे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, हे त्यामागील एक कारण होते. मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर तर रक्तनमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. श्वास असो वा रक्त, ढिलाई मूळ ठिकाणी असते. वकील फक्त तिच्याकडे बोट दाखवतो. ते बोट छाटून ढिलाई जाणार नाही.

कायद्यात साधने आहेत. अटक झालेल्याची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, असे कलम २०२ सांगते; कलम २०४ मध्ये रक्तनमुन्याची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. दंड वाढला, त्या प्रमाणात यंत्रांची निगा वाढली का? आपल्या भागातील प्रत्येक श्वासविश्लेषकाचे अंशांकन शेवटचे केव्हा झाले, त्याचे प्रमाणपत्र कुठे आहे, दुसरी चाचणी घेतली जाते का, हे माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीपूर्वी प्रत्येक शहरातून असा एक तरी अर्ज जावयास हवा.