नमस्काराची चतुर्थी

परवां आमच्या नातवाची परीक्षा होती. आम्ही पहाटे फिरावयास बाहेर पडलों होतों, म्हणून आशीर्वादादाखल मोबाईलवरून त्यास जोडलेल्या हातांचें चित्र पाठविलें. संध्याकाळीं त्यानें विचारिलें, "आजोबा, तुम्हीं मला टाळी दिली कीं नमस्कार केला?" टाळी आम्हीं दिली नव्हती, आणि आजोबांनीं नातवास नमस्कार करावा, हेंहि रीतीस धरून नाहीं. उभा जन्म मास्तरकींत गेला असूनहि आम्हांस चटकन् उत्तर सुचलें नाहीं. म्हणून ह्या महिन्यांत वाचकांशीं त्याच विषयावर चार शब्द बोलावे असें योजिलें आहे.

हें चित्र ज्यास आलें नाहीं असा गृहस्थ आज सुशिक्षित घरांत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. सकाळीं सुप्रभाताच्या फुलांखालीं तेच हात; दुपारीं सोसायटीचें पाणी बंद राहणार, त्या सूचनेखालीं तेच हात; आणि रात्रीं कोणी वारल्याची वार्ता आली तर तिच्याखालींहि तेच.

प्रथम ह्या वस्तूचें कुल पाहूं. 'इमोजी' हा शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र व 'मोजी' म्हणजे अक्षर. तेव्हां आपण त्यास चित्राक्षर म्हणावयास हरकत नाहीं. इंग्रजींतील भावनावाचक शब्दाशीं त्याचें साम्य दिसतें, तें केवळ योगायोगाचें. डोकोमो ह्या जपानी कंपनीच्या मोबाईलांसाठीं शिगेताका कुरिता ह्यांनीं १९९९ मध्यें १७६ चित्राक्षरें सिद्ध केलीं, आणि तेथून ह्या लिपीचा जगभर प्रसार झाला. जगांतील लिप्यांस संगणकांत जागा नेमून देणारी युनिकोड म्हणून संस्था आहे. तिनें २०१० मध्यें जोडलेल्या हातांस आपल्या यादींत स्थान दिलें. जपानांत हे हात 'कृपा करा' किंवा 'आभारी आहें' अशा अर्थीं जोडतात. पाश्चात्य देशांत कित्येक लोक त्यांस प्रार्थना समजतात, आणि कांहींजण तर दोघे एकमेकांस टाळी देत आहेत असें मानतात. आमच्या नातवाचा समज अगदींच निराधार नव्हता तर!

ह्या चित्राचा एक उपकार मात्र मान्य केला पाहिजे. आम्ही मीरा रोडला राहतों. एके काळीं शेतें आणि मिठागरें असलेल्या ह्या टापूंत २००२ मध्यें मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली, आणि आज आमच्या एका जिन्यावर मराठी, गुजराथी, मारवाडी व उत्तर हिंदुस्थानी अशीं बिऱ्हाडें आहेत. कोणी 'जय जिनेंद्र' म्हणतो, कोणी 'राम राम' म्हणतो. आमचे उत्तनकडील ख्रिस्ती स्नेहीहि हेच हात पाठवितात. भाषेची अडचण न पडतां सर्वांस समजणारी अशी खूण दुसरी क्वचितच असेल.

नव्या पिढीनें नमस्कार स्वस्त केला, असें म्हणणाऱ्यांतले आम्ही नव्हों. संक्षेपाची खोड आपली जुनीच आहे. घरांत वडिलांच्या वेळचीं कार्डें असतील तर काढून पाहावीं. 'शि. सा. न. वि. वि.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंति विशेष! ज्या नमस्कारांत आठहि अंगें भूमीस टेकावयाचीं, तो पांच अक्षरांत आटोपलेला. तथापि त्या पांच अक्षरांत दोन गुण होते. वडिलांस 'ती.' व साष्टांग नमस्कार, धाकट्यास 'चि.' व अनेक आशीर्वाद, अशी व्यवस्था असल्यामुळें कोण कोणास लिहीत आहे हें पहिल्याच ओळींत कळे. दुसरें असें कीं, त्या अक्षरांखालीं पत्र असे. 'विनंति विशेष' ह्याचा अर्थच पुढें कांहीं सांगावयाचें आहे असा. आजच्या जोडलेल्या हातांखालीं बहुधा कांहींच नसतें.

येथें व्याकरणाची थोडी आठवण होते. पाणिनीनें 'नमः' ह्या शब्दाच्या योगें चतुर्थी विभक्ति सांगितली आहे. 'रामाय नमः', 'गुरवे नमः'. क्रियापद योजून 'नमस्करोति' म्हटलें तर द्वितीया येते, 'गुरुं नमस्करोति'. विभक्ति बदलली तरी 'कोणास' हा प्रश्न सुटत नाहीं. धातूच मुळीं 'नम्', म्हणजे वांकणें. आणि ज्याच्यापुढें वांकावयाचें तो कोणी तरी असावा लागतो. हा नियम आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिला, न येणाऱ्यांस दहा दहा वेळां लिहावयास लाविला. आणि वेळ आली तेव्हां तो आम्हींच मोडला.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमचे एक जुने सहकारी भाईंदरास राहतात. त्यांच्या पत्नी निवर्तल्याची वार्ता निवृत्त शिक्षकांच्या गटावर आली. आम्हीं तत्काळ जोडलेले हात पाठविले. इतर पुष्कळांचेहि आले. सबंध पडदा हातांनीं भरून गेला. तें पाहून आमच्या मनास एक प्रकारचें समाधान वाटलें, आणि मोबाईल खालीं ठेवून आम्ही चहा घेतला. मीरा रोडपुढचें स्टेशन भाईंदर. परंतु आज पाऊस, उद्यां गुडघा, परवां पाहुणे, असें करतां करतां तेरावाहि होऊन गेला.

पुढें लाज वाटून गेलों, तेव्हां घरांत ते एकटेच होते. मुलगा नोकरीच्या गांवीं परतला होता. आम्ही कांहीं बोलणार तोंच ते म्हणाले, "तुमचे हात पोंचले होते, मास्तर." त्यांच्या स्वरांत राग नव्हता. तो असता तर बरें झालें असतें. मग ते चहा करावयास उठले, आणि बराच वेळ स्वयंपाकघरांत डब्यांचीं झांकणें वाजत राहिलीं. आम्ही आंत गेलों. साखर कोणत्या डब्यांत असते, हें त्यांस ठाऊक नव्हतें. पंचेचाळीस वर्षांत त्यांस तें शोधावें लागलें नव्हतें.

त्या दिवसापासून आम्हीं आपल्यापुरता एक नियम केला आहे. पाण्याच्या सूचनेस किंवा फुलांच्या चित्रास नुसते हात पुरे. तेथें ते पोंच म्हणूनच असतात. वडीलधाऱ्यांस हात पाठवावयाचे तर आधीं त्यांचें संबोधन लिहावें, आणि खालीं निदान एक वाक्य त्यांच्यासाठींच असावें. धाकट्यांस हात न जोडतां 'अनेक आशीर्वाद' हीं अक्षरें सबंध लिहावीं; बोटांस तेवढा व्यायाम सोसतो. आणि दुःखाची वार्ता आली तर हात खुशाल पाठवावे, परंतु त्याच दिवशीं आवाज पोंचवावा, आणि स्टेशन जवळ असेल तर स्वतः जावें. ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात त्या घरांत मुलें हें पाहून शिकतात. आम्हीं मात्र आमच्या नातवास टाळी आणि नमस्कार ह्यांतला भेदहि शिकविला नव्हता.

असो. हल्लीं पंधरा दिवसांतून एकदां आम्ही भाईंदरास जातों. चहा कधीं ते करतात, कधीं आम्ही. साखरेचा डबा आतां दोघांसहि सांपडतो.